मामांनी मला पळायला लावलं

लग्न होऊन परभणीला आले त्याला चार-सहा महिने झाले असतील. नवरा कापसाच्या जिनिंगमध्ये कारकून होता, सकाळी सायकलवर जायचा. एके दिवशी त्याचा डबा चुलीपाशीच राहिला. सासूबाई आतून ओरडल्या, "अगं डबा! डबा ऱ्हायला की त्याचा!" मी डबा उचलला, पदर खोचला, एका हातानं निऱ्या वर धरल्या आणि सुटले. गल्लीच्या टोकाला सायकल वळून मोठ्या रस्त्याला लागली होती. हाक मारायची सोय नव्हती, नवऱ्याला नावानं कोण हाक मारणार? म्हणून नुसती पळत राहिले. पाण्याच्या टाकीजवळ त्याला गाठलं आणि कॅरिअर मागून धरलं. तो पडता पडता वाचला.

"अगं, लोक बघायलेत," एवढंच म्हणाला आणि डबा घेऊन गेला.

परत आले तर सासरे ओट्यावर दाढी करत बसलेले. अर्धा गाल साबणाचा, हातात वस्तरा तसाच. त्यांनी सगळं बघितलं होतं. मी मान खाली घालून आत गेले. आता बोलणी बसणार असं धरूनच चालले होते. दिवसभर ते काही बोलले नाहीत. संध्याकाळी जेवायला वाढताना एकदम म्हणाले, "पोरी, शाळेत पळायचीस का?"

"व्हय मामा."

"वाटलंच मला. डबा हलला न्हाई तुझ्या हातात."

आमच्याकडं सासऱ्याला मामा म्हणतात आणि सासूला आत्या. माझं माहेर पालमचं. शाळेत असताना मी आठशे मीटर पळायचे, एकदा जिल्ह्याच्या स्पर्धेला परभणीलाही येऊन गेले होते. मग दहावीला नापास झाले. वडील म्हणाले, आता बास, आणि पळणं तिथंच थांबलं. मला त्याचं फार वाईट वाटलं होतं असंही नाही. मुलींचं पळणं असंच थांबायचं.

मामा पोलिसात हवालदार होते, नुकतेच रिटायर झालेले. मूळचे जिंतूर रोडवरच्या बोरीचे, शेतकरी घरातले. भावाच्या वाट्याची आणि त्यांची अशी तिथं जमीन होती, पण नोकरीत सगळा जन्म परभणीत गेला. उंच, वाळके, बोलणं कमी. रोज पहाटे उठून ते कुठंतरी जायचे आणि घामाघूम होऊन यायचे हे मला दिसत होतं. मी समजायचे, फिरायला जात असतील. डब्याच्या प्रकारानंतर दुसऱ्या का तिसऱ्या दिवशी त्यांनी पहाटे माझ्या खोलीच्या दाराची कडी वाजवली. नवराच उठला.

"हिला पाठव."

"कुठं?"

"पळायला."

नवरा माझ्याकडं बघत राहिला. मग कूस बदलून म्हणाला, "जा. बाबांना न्हाई म्हणता येत न्हाई."

सुरुवातीला मी साडीवर पळाले. आठवडाभरानं मामांनी स्वतः बाजारातून पंजाबी ड्रेसचं कापड आणलं आणि पांढरे कॅनव्हासचे बूट. आत्यांनी ते कापड बघून दोन दिवस अबोला धरला. शेजारच्यांनी विचारलं तर मामा सांगायचे, "सूनबाईला डॉक्टरनं फिरायला सांगितलंय." एकदा शेजारणीनं टोचलं, "भावजी, फिरायला सांगितलं का पळायला?" तर मामा म्हणाले, "लवकर फिरून यायचं, म्हणून पळावं लागतंय."

आम्ही जिंतूर रोडनं जायचो. मामा पुढं, मी मागं. त्यांच्या पायात पोलिसातले तपकिरी बूट असायचे, त्यांचा आवाज मला पाठ झाला होता. एका तालात. मी पुढं जायला लागले की ते म्हणायचे, "दम राख. आत्ताच उधळू नको." काही महिन्यांनी ते मागं पडायला लागले आणि मी पुढं जाऊन परत त्यांच्याकडं पळत यायचे. मग त्यांनी एक जुनी सायकल काढली. ते सायकलवर आणि मी पायी, असं आमचं सुरू झालं. त्यांना मी कधी इतकं खुशीत बघितलं नव्हतं. पुढंही फारसं बघायला मिळालं नाही.

ते पळायला का लागले हे मी एकदाच विचारलं. झरी गावाच्या अलीकडं एका लिंबाखाली आम्ही पाणी प्यायला थांबलो होतो. मामांनी सायकल लिंबाला टेकवली. मग म्हणाले, "अठ्ठ्याहत्तरला आमची बंदोबस्ताला ड्यूटी लागली व्हती. विद्यापीठाच्या नामांतराच्या दंगलीत. एका गावात आमी पोचलो तवर वस्ती जळून गेलती. एक म्हातारी कणगीपुढं बसली व्हती. कणगी कोळसा झालेली. त्यातनं ती ज्वारी निवडायली. काळे दाणे एकीकडं, बरे दाणे एकीकडं. मी म्हणलं, आजी, उठा. ती म्हणली, लेकरं उपाशी हायत, थांब जरा." मामांनी सायकलची घंटी उगीच एकदा वाजवली. "तवापासून पहाटं डोळा उघडतो आन् मिटत न्हाई. पळालं की दमतो. दमलं की दुपारी जरा झोप येती."

पुन्हा त्यांनी तो विषय काढला नाही. मीही काढला नाही.

पहिली शर्यत परभणीतच झाली, सव्वीस जानेवारीची. बायकांमध्ये कॉलेजच्या चार-पाच मुली होत्या आणि मी, गळ्यात मंगळसूत्र. मी ते तोंडात धरून पळाले, कारण ते उडून हनुवटीवर आपटायचं. पहिली आले. स्टीलची कळशी मिळाली. आत्यांनी ती कळशी हातात घेऊन उलटीपालटी केली, वाजवून बघितली आणि म्हणाल्या, "जाड हाय." त्या दिवसापासून त्यांचा विरोध संपला. उलट कुणी आलं की त्याच कळशीतलं पाणी द्यायच्या आणि कळशी कुठून आली ते सांगायच्या.

मग औरंगाबादला पळाले, नांदेडला पळाले. आणि मग मामांच्या डोक्यात पुण्याची मॅरेथॉन आली. पेपरात वाचलं होतं त्यांनी. "बेचाळीस किलोमीटर," ते नवऱ्याला सांगत होते, "म्हंजे इथनं जिंतूरला जाण्याएवढं." नवरा म्हणाला, "बाबा, जिंतूरला यष्टी जाती की." मामा हसले नाहीत. वर्षभर आम्ही तयारी केली. मामा सायकलच्या हँडलला पाण्याची बाटली आणि गूळ-शेंगदाण्याची पुडी बांधायचे. मी दमून रडायला आले की ते सायकल थोडी पुढं न्यायचे, म्हणजे मला रडायला मोकळीक मिळावी.

पुण्याला आम्ही दोघंच गेलो. बरोबर आत्यांनी दिलेल्या भाकऱ्या आणि ठेचा. मामांच्या एका जुन्या सोबत्याच्या घरी उतरलो. शर्यतीच्या दिवशी त्यांनी त्याच्याकडून सायकल मागून घेतली आणि ते आडरस्त्यांनी पुढं पुढं येऊन उभे राहायचे. मला कळायचं नाही ते कुठून येतात. एवढ्या अनोळखी गर्दीत मधेच परभणीचा आवाज यायचा, "दम राख पोरी! दम राख!" लोक वळून बघायचे.

शेवटच्या दहा किलोमीटरांत माझे पाय संपले. मांड्या दगडासारख्या झाल्या, अंगठ्याचं नख बुटात सुटलेलं कळत होतं. मी चालायला लागले. मामा सायकल टाकून माझ्या बाजूनं चालू लागले.

"मामा, मला न्हाई व्हत."

"सोडायची तर सोड. मी काही म्हणणार न्हाई. पर बसू नको. चालत ऱ्हा."

आम्ही चालत राहिलो. थोड्या वेळानं माझे पाय आपोआप पळायला लागले. मामा बाजूला पळत होते, विजार आणि सदऱ्यावर, साठीचा माणूस. एका शिपायानं त्यांना हटकलं तर ते त्याला म्हणाले, "मी पण हवालदार व्हतो," आणि तो बाजूला झाला.

मी शर्यत पुरी केली. नंबर वगैरे काही नाही, पण पुरी केली. मामा चहा आणायला गेले आणि मला कुठं बसवलं तेच विसरले. अर्धा तास मला शोधत होते. सापडले तेव्हा चहा थंडगार झालेला आणि माझ्यावरच रागावले, "हलू नको म्हणलं व्हतं ना तुला?" मी हलले नव्हते. मला हसू येत होतं आणि उठताही येत नव्हतं. यष्टीत ते रात्रभर जागे होते. मधेच शेजारच्या प्रवाशाला सांगत होते, "माझी सून हाय."

पुढच्या वर्षी पुन्हा जायचं ठरलं होतं. उन्हाळ्यापासून आम्ही सुरुवात केली. मला दिवस गेले होते ते मलाच उशिरा कळलं. माझं तसंही मागंपुढं व्हायचं. दुसरा महिना सरत आला तेव्हा आत्यांनी माझ्याकडं निरखून बघितलं आणि दवाखान्यात नेलं. घरी येऊन त्यांनी मामांना सांगितलं तेव्हा मामा सायकलच्या चाकात हवा भरत होते. त्यांनी पंप तिथंच ठेवला, सायकल उचलून मागच्या खोलीत नेऊन भिंतीला लावली. "आता लेकरू होईस्तोवर पाऊल उचलायचं न्हाई," मला म्हणाले. त्या दिवसापासून मी पळाले नाही. ते मला पाण्याची घागरसुद्धा उचलू द्यायचे नाहीत. बाजारातून येताना कधी चिंच, कधी पेरू आणायचे. पेरू दारातूनच आत ठेवायचे, हातात द्यायला लाजायचे.

आठव्या महिन्यात पोटातली हालचाल थांबली. एक दिवस मी वाट बघितली. दुसऱ्या दिवशी आत्यांना सांगितलं. दवाखान्यात नेलं तोवर सगळं झालेलं होतं. मुलगा होता.

मला गुंगीचं औषध दिलं होतं, त्यामुळं पुढचं मला तुकड्या-तुकड्यांनी आठवतं. मामा आणि नवरा त्याला घेऊन बोरीला गेले, शेतात पुरायला. लहान लेकराला जाळत नाहीत. बायका जात नाहीत. मी खाटेवर पडले होते आणि छाती दूध भरून दुखत होती. कुणासाठी, ते अंगाला कळत नव्हतं.

डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या. माझ्या उशाशी बसून त्यांनी समजावलं. त्यांच्या गळ्यातल्या तपासायच्या नळीला गाठ मारून दाखवली. "नाळेला अशी गाठ बसली होती. पोटात लेकरू फिरतं, त्यात कधी कधी असं होतं. याला कुणी काही करू शकत नाही. तुझं पळणं, बसणं, उचलणं, कशाचाही संबंध नाही." मी म्हणाले, "बाई, हे माझ्या सासऱ्यांना सांगा." मामा परत आले होते आणि बाहेर व्हरांड्यात उभे होते. पायाला शेतातली माती. बाईंनी त्यांना आत बोलावून पुन्हा सगळं सांगितलं, पुन्हा नळीला गाठ मारून दाखवली. मामा हात जोडून उभे होते. "व्हय बाई. व्हय बाई," म्हणत राहिले.

घरी आल्यावर गल्लीतल्या बायका भेटायला यायच्या. एक म्हणाली, "घोड्यावाणी पळायली ती, मग काय व्हणार?" मी आतल्या खोलीत होते, मला ऐकू आलं. त्या बाईच्या बोलण्याचं काही नव्हतं. पण आत्या रडत रडत मामांच्या अंगावर ओरडल्या, "तुमी पळीवलंत तिला! तुमी खाल्लंत माझं नातवंड!"

मामा दारात उभे होते. चप्पल घालून बाहेर गेले.

आत्यांनी ते दुःखात म्हटलं होतं. पंधरा दिवसांनी त्यांना स्वतःलाच लाज वाटली. मामांच्या ताटात त्यांच्या आवडीचं वाढायच्या, स्वतःहून बोलायला जायच्या. एकदा माझ्यासमोर म्हणाल्या, "मी बोलून गेले वो. मनावर घेऊ नका." मामा म्हणाले, "तू काय खोटं बोललीस?" आणि जेवत राहिले.

नवरा मधे पडला नाही. तो वाईट नव्हता. त्याला बोलताच यायचं नाही, एवढंच. रात्री माझ्या डोक्यावरून हात फिरवायचा आणि माझ्याआधी झोपून जायचा.

त्या हिवाळ्यात मामा बोरीला गेले, ज्वारीच्या राखणीला म्हणून. ज्वारी निघाली, खळं झालं, मामा आले नाहीत. आमच्याकडं शेतातल्या गोठ्याला आणि राहायच्या खोलीला आखाडा म्हणतात. मामा त्या आखाड्यावर राहायला लागले. स्वतः भाकरी करायचे. महिन्यातून एकदा परभणीला यायचे, पेन्शन घ्यायचे, ती आत्यांच्या हातात ठेवायचे आणि संध्याकाळच्या यष्टीनं परत. माझ्याशी बोलायचे, नाही असं नाही. "बरी हायस का पोरी?" पण माझ्या तोंडाकडं बघायचे नाहीत. पळणं तर त्यांनी लेकरू गेलं त्याच दिवशी सोडलं होतं. पोलिसातले बूट आत्यांनी एकदा बोरीला पाठवून दिले, तर ते त्यांनी गड्याला देऊन टाकले.

दोन वर्षांनी मला मुलगी झाली. धडधाकट, मोठ्या आवाजाची. मामा बारशाला आले. बायकांनी बाळ त्यांच्या मांडीवर द्यायला पुढं केलं तर ते मागं सरकले. "नको, नको. माझे हात कडक हायत," म्हणाले. सगळे हसले. मला हसू आलं नाही. त्यांनी तिला त्या दिवशी घेतलं नाही, नंतरही कधी घेतलं नाही. दुरून बघायचे. तिच्यासाठी बोरं, हुरडा, हरभऱ्याचे ढाळे पाठवायचे. ती जवळ गेली की काहीतरी काम काढून उठायचे.

मुलगी तीन वर्षांची असताना वेळ अमावास्येला, आमच्या शेतातल्या जेवणाच्या सणाला, आम्ही सगळे शेतात गेलो. आंबील, भज्जी, बाजरीचे उंडे असा सगळा थाट होता. जेवणं झाली. मुलगी बांधावरून पळत सुटली, दोन्ही हात पसरून, उगीचच. मामा ज्वारीच्या कडेला उभे होते. ते ओरडले, "पळू नको! ए! पळू नको!" तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. गुरं बिथरली. मुलगी जागच्या जागी थांबली आणि रडायला लागली. मी तिला उचलून घेतलं. मामा म्हणाले, "बांधावर काटे हायत, म्हणून म्हणलं." बांधावर काटे नव्हते.

त्या दिवशी परत येताना मी ठरवलं की पुन्हा पळायचं. मामांसाठी का माझ्यासाठी, हे मला नीट सांगता येणार नाही. घरी मी कुणाला विचारलं नाही. पहाटे उठून जायला लागले. आत्या काही बोलल्या नाहीत, मुलीला आपल्या कुशीत घेऊन झोपू लागल्या. महिनाभरानं नवरा जिनिंगच्या कामाला औरंगाबादला गेला होता, तिथून त्यानं बूट आणले. खरे पळायचे बूट, जाड तळव्याचे. खोकं खाटेवर ठेवलं आणि अंघोळीला गेला. बूट बरोबर मापाचे होते.

पुढच्या थंडीपर्यंत माझा दम परत आला. एका रविवारी पहाटे मी जिंतूर रोडनं निघाले. नेहमी झरीपासून वळायचे. त्या दिवशी झरी आली, हॉटेलवाला भट्टी पेटवत होता, आणि मी वळले नाही. ठरवून निघाले होते असं नाही. पण वळायची वेळ आली तेव्हा पाय सरळच गेले. कापसाच्या गाड्या रस्त्याच्या कडेनं चालल्या होत्या. गाडीवानांनी बैलांवरून मान वळवून बघितलं. जीपवाल्यानं थांबून विचारलं, "काय झालं ताई? कुणी मागं लागलंय का?" मी हात हलवून नाही म्हणाले. ऊन वर आलं. बोरीजवळ पोचले तेव्हा अंगावर मीठ साचलं होतं.

मामा आखाड्यासमोर बाजेवर बसून दोर वळत होते. मला बघून उठले. घरात काही वाईट झालं असं त्यांना वाटलं.

"काय झालं? पोरगी बरी हाय ना?"

"सगळे बरे हायत मामा."

"मग? यष्टी कुठं हाय? कशी आलीस?"

"पळत आले."

त्यांच्या हातातला दोर सुटला. बराच वेळ ते माझ्या बुटांकडं बघत होते. मग आत गेले, तांब्या आणला, मला पाणी दिलं. गूळ दिला. मी बाजेवर बसले नाही. म्हणाले, "मामा, मला जागा दाखवा."

कुठली, ते त्यांनी विचारलं नाही. ते पुढं आणि मी मागं, असं आम्ही कापसातून गेलो. विहिरीच्या पलीकडं आंब्याचं झाड होतं. त्याच्या बुडाशी एक तुकडा सोडलेला होता. बाकी शिवारात सरीवर सरी कापूस उभा, आणि तिथं नुसतं गवत. त्या तुकड्यावर नांगर घातलेला नव्हता. कडेनं छोटे दगड लावलेले. गवत कापलेलं होतं, हातानं, विळ्यानं.

मी खाली बसले. जमिनीला हात लावला. रडू येईल असं वाटलं होतं, पण आलं नाही.

"मामा, बाईंनी काय सांगितलं ते आठवतं का? नाळेला गाठ बसली व्हती."

"आठवतं."

"मग? तुमचा काय संबंध त्यात?"

"डाक्टरीणबाई शिकलेली हाय. तिला ठावं आसंल." ते झाडाला टेकून उभे होते. "पर तुला मी उठीवलं ना पहाटं. रोज. दोन महिनं तू माझ्यापुढं पळत व्हतीस, आन् ते तुझ्या पोटात व्हतं. मी मागनं म्हणायलो, दम राख, दम राख. गाठ कवा बसली, कुणाला दिसलं?"

"मला पळायला आवडायचं मामा. तुमी नुसतं दार वाजवलं."

त्यांनी वाकून कडेचा एक दगड सरळ लावला.

"मी तुमाला कधी एका शब्दानं तरी बोलले का?"

"न्हाई बोललीस. बोलायला पायजे व्हतीस," ते म्हणाले. "बोलली आसतीस तर बरं झालं आसतं."

मी आणखी बरंच काही सांगितलं. आता सगळं आठवत नाही. पुण्याचं सांगितलं, माझ्या आयुष्यात तसा दिवस दुसरा नाही असं सांगितलं. मी आज इथवर पळत आले ती त्यांच्यामुळं, आणि मी धडधाकट आहे, मुलगी धडधाकट आहे. ते ऐकत होते. मान हलवत होते. दवाखान्यात हलवत होते तशीच. मला कळलं की हे आत जात नाही. डॉक्टरांचं गेलं नाही, माझंही जाणार नाही. मी उठले. त्यांनी मला बोरीच्या स्टँडवर आणून सोडलं, तिकिटाचे पैसे माझ्या हातात कोंबले. यष्टी निघताना खिडकीशी येऊन म्हणाले, "आता पळत येऊ नको. लांब पडतं."

त्यानंतर मी दर महिन्याला यष्टीनं जायचे. पळायचे वेगळी, परभणीतच, आणि त्यांच्याकडं जायचे वेगळी.

चौऱ्याण्णवच्या जानेवारीत विद्यापीठाच्या नामांतराची घोषणा झाली तेव्हा मामा अंथरुणावर होते. दमा झाला होता, पावलं सुजलेली. परभणीला चला म्हटलं तर ऐकत नव्हते, म्हणून आत्या आणि मी बोरीला जाऊन राहिलो होतो. बाजेपाशी रेडिओ होता. बातमी झाली. मामांनी मला जवळ बोलावलं.

"कुठं जाळपोळ झाली म्हणले का?"

"न्हाई मामा. तसं काही सांगितलं न्हाई."

"नीट ऐकलंस का?"

"नीट ऐकलं."

"लय वर्षं लावली," ते म्हणाले. मग थोड्या वेळानं, "परत लाव. पुढची बातमी कवा हाय?" दोन दिवस ते प्रत्येक बातमीला तेच विचारत होते. कुठं काही झालं का? तिसऱ्या दिवशी दिवसा त्यांना गाढ झोप लागली. आत्या मला खुणेनं म्हणाल्या, आवाज करू नको.

फेब्रुवारीत गेले. सकाळची वेळ होती, मी त्यांना चमच्यानं पेज देत होते. त्यांनी माझा हात बाजूला केला, "तू खाल्लंस का?" विचारलं. मी हो म्हणाले. खाल्लं नव्हतं. त्यांनी डोळे मिटले आणि मला वाटलं की झोपले.

तेराव्यानंतर आम्ही परभणीला निघालो. आत्या भावकीत थोडे दिवस राहणार होत्या. यष्टीत मी खिडकीशी, मांडीवर झोपलेली मुलगी, शेजारी नवरा. झरी मागं पडल्यावर तो एकदम बोलायला लागला. माझ्याकडं न बघता, समोरच्या सीटच्या दांड्याला धरून.

"त्याला केस लय व्हते," म्हणाला.

मला आधी कळलंच नाही कुणाबद्दल बोलतोय.

"काळेभोर. कानावर आलते. बाबांनी बोरीपर्यंत मला घेऊ दिलं न्हाई. यष्टीत मांडीवर घेऊन बसलते. कंडक्टरनं विचारलं, बाळ आजारी हाय का, तर म्हणले, व्हय, झोपलंय. शेतात गेल्यावर मी म्हणलं, द्या, मी ठेवतो. तर न्हाई म्हणले. स्वतः खड्ड्यात उतरले. मग वर येता येईना. मी हात दिला."

मी विचारलं, "आणखी काय आठवतं?"

"नाक तुझ्यावाणी व्हतं," तो म्हणाला. "आणखी आता न्हाई आठवत."

सात वर्षं त्यानं हे सांगितलं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं. मी आणखी विचारत राहिले: रंग कसा होता, बोटं कशी होती, कशात गुंडाळलं होतं. त्याला जेवढं आठवलं तेवढं तो सांगत गेला. काही ठिकाणी नाही म्हणाला. मग परभणीचं स्टँड आलं. त्यानं मुलीला खांद्यावर घेतलं, मी पिशव्या घेतल्या आणि आम्ही उतरलो.